कोरडं दळण

माझ्या थोरल्या भावाविषयी आमच्या गावात कुणी वाईट बोलत नाही. त्याला जाऊन तीन महिने झाले. तेराव्याला सोळा गावचे लोक आले होते. मी पंगती मोजल्या, अकरा उठल्या. प्रत्येक पंगतीत बोलणं एकच होतं, असा उमेदीचा माणूस पुन्हा होणे नाही. शाळेचे मास्तर मला म्हणाले, तुम्हाला लिहिता येतं, त्यांच्याविषयी चार पानं लिहून ठेवा, पुढच्या पोरांना कळेल. मी हो म्हणालो. लिहायचं तर खरं लिहायचं, म्हणून बसलो आहे.

खरं असं की तो उमेदीचा होताच, आणि त्या उमेदीपायी माझ्या बायकोचे दोन्ही डोळे गेले.

आमचं गाव कडा या पेठेच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून आहे. आम्ही मोगलाईतले, आणि चार कोसांवर इंग्रजी हद्द. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि दादा वीस. जमीन अठरा एकर, त्यातली बारा नुसती मुरमाड. दुसरा कुणी असता तर आभाळाकडे बघत बसला असता. दादा बसला नाही. आधी त्याने सरकारी गवताचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतला. मग घायपाताचे दोर वळायला माणसं बसवली. मग एके वर्षी तहसिलीत डोंगरातल्या सीताफळांचा हर्रास पुकारला, तेव्हा कुणीच बोली वाढवेना. सीताफळ आमच्याकडे गुरंसुद्धा तुडवतात, त्याला पैसे कोण देणार? दादाने गुत्ता घेतला. लोक हसले. दादाही त्यांच्याबरोबर हसला, आणि दसऱ्याआधी पहिली गाडी नगरला नेऊन रिकामी करून आला.

सीताफळाचा धंदा म्हणजे दिवसांचा धंदा. फळ कच्चं तोडलं तर काळं पडून वाळतं, पिकलेलं तोडलं तर गाडीत लोळा होतो. अंगावरच्या डोळ्यांमधली रेघ पांढुरकी झाली की तोडायचं, त्याला आमच्यात डोळे उघडले म्हणतात. तिथून चार दिवस तुमचे. एक दिवस तोडणीचा, दोन दिवस नगरच्या वाटेचे, एक विकायचा. एका पाटीत साठ फळं, एका गाडीत चाळीस पाट्या. दादा झाडाखाली उभा राहून दहा हातांवरून सांगायचा, कुठल्या फळाचे डोळे उघडले आणि कुठल्याचे नाहीत. त्यात तो चुकल्याचं मला आठवत नाही.

घरातही तो तसाच होता. तांबडं फुटायच्या आत उठायचा. तीन लेकरं होती त्याला. जेवताना तिघांनाही तो स्वतःच्या हाताने घास भरवायचा, आणि मग उरलेलं स्वतः जेवायचा. बाजाराला गेला की वहिनीला बांगड्या, आणि जितक्या वहिनीला तितक्याच माझ्या बायकोला. हे मी मोजलेलं आहे. त्यात त्याने कधी दुजाभाव केला नाही.

पण माझ्या बायकोचं तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं. आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर उघड्या तोंडाने येत नाही. आलीच तर पदर हनुवटीपर्यंत. त्याच्याशी बोलायचं तर नाहीच. त्यालाही तिच्याशी काही बोलायचं असलं तर मध्ये कुणीतरी लागायचं. कुणी नसलं तर तो खांबाला सांगायचा.

"खांबा, काकीला म्हनावं आज आमटीत मीठ इसरलं बरं का."

लेकरं खिदळायची. पदरामागून ती पण हसायची, खांदे हलायचे तिचे. तिला आमच्या घरी येऊन तीन वर्षं झाली होती. वय एकोणीस.

त्या साली फळ उदंड होतं. दोन गाड्या एकदम निघाल्या आणि करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर अडकल्या. पावती उर्दूतच लागायची, ती लिहिणारा मुन्शी सुट्टीवर गेलेला, आणि नाकेदार काही पावतीशिवाय सोडेना. दीड दिवस गाड्या उन्हात उभ्या. नगरला पोचलो तोवर एकतीस पाट्या मऊ पडलेल्या. कुणी हातही लावेना. त्या तशाच माघारी आणल्या.

मला वाटलं, दादा आता तरी कपाळाला हात लावेल. त्याने पारावर घोंगडी अंथरली, पाट्या रित्या केल्या आणि सगळ्या गावाला हाक मारली.

"खावा लेकहो, फुकट हाय! आट एकच. बिया हितं टोपल्यात थुकायच्या. जो बी गिळंल त्याच्या पोटात झाड यील!"

म्हातारे-कोतारे, बायका, पोरं, सगळे आले. जत्राच झाली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "बिया कावून पायजेत रं तुला?"

"आजा, तुज्या डोक्यात उवा हायती का न्हाईत?"

"मला केसच न्हाईत, उवा कुटल्या?"

"मग तुला न्हाई सांगत."

सगळं गाव हसलं. मीही हसलो.

सीताफळाच्या बियांनी उवा मरतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक आहे. बायका मूठभर बिया पाट्यावर टाकतात, वरून पाणी किंवा करडीचं तेल घालतात, आणि वाटून तो लगदा केसांना लावतात. लावताना कपाळाला फडकं घट्ट बांधतात, ओघळ डोळ्यात जाऊ नये म्हणून. हेही प्रत्येकीला ठाऊक आहे. दादाचा विचार असा की तीच पूड पुड्यांत बांधून कड्याच्या, आष्टीच्या बाजारात विकायची. गावातल्या बाईला बिया मिळतात, पेठेतल्या बाईला कुठून मिळणार? विचार चांगला होता. त्याचे विचार चांगलेच असायचे.

बिया धुऊन माळवदावर पाच दिवस वाळवल्या. सात पायल्या भरल्या. वहिनी चौथ्या बाळंतपणाला माहेरी गेलेली होती, तेव्हा घरात बाईमाणूस म्हणजे माझी बायको एकटी. दळण तिच्याकडे आलं. सकाळी गोठ्यात शेण काढताना ती मला म्हणाली, "हे जात्यावर कोरडं कुनी दळत न्हाई. ओलं वाटू का, इचारा की त्यांना."

मी ओसरीवर जाऊन विचारलं.

"ओलं दोन दिसात बुरसतंय," दादा म्हणाला. "पुडी कशी बांधायची त्याची? कोरडंच पायजे."

"धूळ उडंल, दादा. डोळ्यात जाईल तिच्या."

"पदर हाय की तोंडावर! त्याच्यातून कुटली धूळ जाती? तिच्याइतकं झाकलेलं तर दुसरं कुनी न्हाई घरात."

ते मला पटलं. हे मी लपवत नाही. मला ते पटलं.

आता नीट सांगतो, कारण इथेच सगळं आहे. जातं पडवीत होतं. दादा समोर ओसरीवर बसून पुड्या बांधत होता. तो दुसऱ्याला कामाला लावून आपण बसणारा नव्हता. तहसिलीतून आणलेल्या रद्दी कागदांचे तुकडे, त्यात चिमूट-चिमूट पूड, वरून दोरा. मध्येच गाणं म्हणायचा, मध्येच लेकराला उचलायचा. तो समोर म्हणून तिचा पदर हनुवटीपर्यंत. बी तेलकट आणि टणक, फिरवायला जड. पूड उडायची ती खालून वर यायची, पदराच्या आत शिरायची आणि तिथेच राहायची. डोळे चुरचुरले की ती डोळे पुसायची, त्याच पदराने. पदरावर पूड. पहिल्या दिवशी तिने दोन पायल्या दळल्या, दुसऱ्या दिवशी दीड. तो तिथे नसता तर तिने पदर मागे टाकला असता, तोंड फिरवलं असतं, पाणी मारलं असतं. तो उठून जाईना, आणि तो समोर असताना ती उठून तोंड धुवायला जाणं बरं दिसेना.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती चुलीपाशी बसली होती ती डोळे मिटूनच.

"खडे टोचल्यावानी व्हतंय," म्हणाली. "जाळाकडं बगवंना."

मी दादाला सांगितलं.

"बियाची झळ ती," दादा म्हणाला. "आपल्या आज्जीच्या डोळ्यात गेलतं तवा काय झालं? दोन दिस रडली, तिसऱ्या दिशी सुईत दोरा ओवत व्हती. शेळीचं दूध सोड म्हनावं डोळ्यात."

दूध सोडलं. सकाळी पापण्या चिकटलेल्या होत्या. कोमट पाण्याने मी त्या सोडवल्या. आत लालभडक, आणि मधे बुबुळावर धुरकट काहीतरी. त्याच सकाळी दारात गाडी भरून तयार होती. चाळीस पाट्या, दोन हजार चारशे फळं. हाकायला मीच जाणार होतो. मी दादाला बाजूला घेतलं.

"दादा, बारा पाट्या उतरू. तेवढ्या जागंत एक मानूस आडवं व्हतंय. तिला नगरच्या डोळ्याच्या डॉक्टराला दाखवतो."

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावला नाही. तो रागवायचा नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बारा पाट्या काय डोस्क्यावर नेतूस का बे? डोळे उघडल्यालं फळ हाय, उद्या लोळा. आन् तिला गाडीत दोन दिस हादरे कशाला? तू ये जाऊन. तवर न्हाई बरी झाली तर पुढच्या खेपेला मी सोता नेतो. पन बरीच व्हती बघ. तुला उगं काळजी."

मी गेलो. सातशे वीस फळं उतरवायची होती, ती उतरवली नाहीत. नगरला डॉक्टरच्या दारावरून आमची वाट जायची. दारात बाकावर डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं बसलेली. मी गाडी उभीसुद्धा केली नाही, फळांचा चौथा दिवस लागला होता.

पाचव्या दिवशी परत आलो तेव्हा ती कोठीच्या अंधारात घोंगडी ओढून बसली होती. दादा मधे गप्प बसला नव्हता. डोंगरापलीकडच्या एका वैदूचं नाव त्याने ऐकलं, सहा कोस चालत गेला, त्याला घेऊन त्याच दिवशी सहा कोस परत आला. वैदूने नळीने कसलीशी भुकटी दोन्ही डोळ्यांत फुंकली. तेव्हाही पदर दादा अंगणात गेल्यावरच उचलला गेला. त्या भुकटीने ती ओरडली म्हणतात, शेजारचे धावून आले. इतर माणसं संकटात हातपाय गाळून बसतात. माझा भाऊ बसून राहिला असता तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी तिला नगरला नेलं. दादा बोलल्याप्रमाणे स्वतः आला, गाडीत गवत अंथरलं, वाटेत दर कोसाला थांबून पाणी दिलं, म्हणजे माझ्या हाती दिलं. डॉक्टरने तिचा पदर वर केला तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरने दिवा धरून बराच वेळ पाहिलं. दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं, बुबुळं पांढरी झाली होती. तो म्हणाला, पहिल्या दोन-तीन दिवसांत आणलं असतं तर निदान एक वाचला असता.

"पन हळूहळू दिसंल ना, सायेब?" भिंतीकडे तोंड करूनच दादाने विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाला. एवढंच. मी तिथेच होतो. तीही तिथेच होती.

परतताना नाक्यावर नाकेदाराने गाडीत डोकावून विचारलं, काय झालं म्हणून. दादा म्हणाला, "डोळे आल्यात. डॉक्टर मनला, यील हळूहळू नजर." नाकेदार म्हणाला, अल्लाची मेहेरबानी. मी बैलांच्या शेपट्यांकडे बघत बसलो. तिथे मी बोलायला हवं होतं. नाही बोललो, आणि गावात पोचेपर्यंत ते वाक्य आमच्या पुढे पोचलं होतं.

त्याला पुढे तेवीस वर्षं झाली. या तेवीस वर्षांत दादाने तिचं काही कमी केलं नाही. अंगणात तिच्यासाठी दोर बांधला, कोठीपासून आडापर्यंत, स्वतः वळलेला. वहिनीला सक्त ताकीद, धाकटीला जड काम सांगायचं नाही. आम्हाला दोन मुली झाल्या. दोघींचीही तोंडं तिने बोटांनीच पाहिली. दोघींची लग्नं दादाने पुढे होऊन केली. लोक त्याला यासाठी मानतात, आणि त्यात खोटं काही नाही.

पण पाहुणा आला की तो सांगायचा, "आमची भावजय? लई सुदारलीय. आवो, मी दारात पाय ठिवला की पदर घेती! दिसल्याबिगर घेती का?"

ती त्याच्या पावलाच्या आवाजावर पदर घ्यायची. त्याचा उजवा पाय थोडा फरफटायचा. हे घरातल्या मांजरालाही कळत होतं. पाहुणे मान डोलवायचे आणि ती दिसत असल्यासारखं तिला दुरून विचारायचे, काय बाई, बरं हाय ना आता? ती पदरातून मान हलवायची.

आणि पूड? पुढच्या साली पूड पुन्हा दळली. या वेळी तीन बायका रोजाने लावल्या. मी पडवीत गेलो तर तिघींच्या तोंडाला ओलं फडकं, जात्यावर ओलं गोणपाट, आणि दादा ओसरीवर नाही, लांब खळ्यात बसून पुड्या बांधतोय. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. कशामुळे झालं, कुणामुळे झालं, त्यातलं अक्षर न् अक्षर. मी खळ्यात गेलो. आयुष्यात एकदाच त्याच्यासमोर आवाज चढवला.

"हे फडकं गेल्या साली कुठं व्हतं, दादा? त्या बारा पाट्या उतरल्या असत्या तर..."

"बारा पाट्या, बारा पाट्या," तो म्हणाला. हातातली पुडी बांधून पुरी केली. "लई मोजतूस बे तू. मोजून कुनाला डोळे आले का? मानसानं पुढं बगावं."

मी परत आलो. वेगळं निघायचं मनात आलं. पण आंधळी बायको, पोटात पहिलं मूल, आणि दोर त्याच्या अंगणात बांधलेला. राहिलो. त्यानंतर मी त्या विषयावर त्याच्याशी बोललो नाही, आणि तिच्याशीही नाही. तिलाही त्याचं ते "सुदारलीय" विषासारखं लागत असणार, असं मी धरून चाललो. कधी विचारलं नाही.

यंदा मृगाच्या आधी दादा आजारी पडला. नऊ दिवस ताप. सातव्या दिवशी दुपारी शुद्ध बरी होती. वहिनी उशाशी, मी पायाशी. तो म्हणाला, "तिला बोलाव."

मी तिला हाताला धरून आणलं. उंबऱ्याशी ती थांबली आणि पदर पुढे ओढला.

दादाने खांबाला सांगितलं नाही. सरळ तिच्याकडे तोंड करून बोलला. "पदर काढ, पोरी. मला बगू दे."

वहिनीने तोंडाला हात लावला. सव्वीस वर्षांत त्या घरात असं झालं नव्हतं. तिने माझ्याकडे, म्हणजे मी जिथे उभा असेन असं तिला वाटलं तिकडे, मान वळवली. मग तिने दोन्ही हातांनी पदर मागे टाकला.

दादा बघत राहिला. हात टेकून थोडा उठला, पुन्हा बघितलं. मला वाटलं, आता हा रडेल. आता हा म्हणेल. त्या क्षणाची मी तेवीस वर्षं वाट पाहिली होती, हे मला तिथे उभं असताना कळलं.

तो म्हणाला, "डाव्यात जरा चमक हाय की गं. दवा केली तर दिसंल." आणि उशीवर पडला. तोंडावर समाधान होतं.

मी तिला बाहेर आणलं. तिला म्हणणार होतो, मरताना तरी सोड म्हणावं हे. पण तिने आधीच माझी बाही धरली.

"डावा मनले ना?"

"हां."

"खरंच हाय का वो चमक?"

मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. बेचाळीस वर्षांची बाई लग्नातल्या नवरीसारखी कान देऊन उभी होती. तेवीस वर्षं तो दर पाहुण्याला जे सांगत आला ते ती पदराआडून ऐकत होती, आणि खरं धरत होती. डॉक्टरचं "नाही" मी एकट्याने जपून ठेवलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "दोनी सारकेच हायती."

"तुमी शेवटचं कवा बगितलेत?"

यावर माझ्याकडे आकडा नव्हता. भांडी घासताना हात, चालताना खांदा, आजारात कपाळ, सगळं पाहिलं असेल. डोळ्यांकडे बघायचं मी कधी बंद केलं ते मला सांगता येईना. मी तिला दाराबाहेर उन्हात नेलं, ओट्यावर बसवलं, हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि बघितलं. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. घाई केली नाही. डावा उजव्याइतकाच पांढरा होता, काठापासून काठापर्यंत. ऊन सरळ डोळ्यात पडत होतं आणि पापणी हलत नव्हती.

तसं मी तिला सांगितलं.

ती ओटा चाचपत उठली.

"आत जावा," म्हणाली. "त्यांना पानी लागत आसंल."